पहिल्या वर्षानंतर थांबल्यास क्रेडिट टिकतात का?

प्रश्न: घरच्या अडचणीमुळे बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर दोन वर्षे थांबावे लागणार आहे. मिळवलेली क्रेडिट (अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) वाया जातील का?

उत्तर: नाही. ती ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिट साठवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन व्यवस्थेतील आपल्या खात्यात जमा होतात आणि कमाल 7 वर्षे ग्राह्य राहतात; मात्र महाविद्यालयाने ती खरोखर नोंदवली आहेत का, हे आपण स्वतः तपासावे, कारण नोंदच नसेल तर पुढील विद्यापीठाला काहीच दिसणार नाही.

दुसरे उत्तर: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट आणि उन्हाळ्यातील 4 क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते आणि तीन वर्षांच्या आत परतता येते. तेवढे प्रमाणपत्र घेऊनच थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, उद्याच कार्यालयात खात्याची नोंद विचारते.