मदत हवी आहे : ‘खंड्या’ हे नाव कुठून आलं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, आठवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. परवा धड्यात ‘हॅल्सिअन’ हे विशेषण आलं. अर्थ शांत, सुखाचे (दिवस). मूळ शोधलं तर निघाला आपला खंड्या पक्षी, म्हणजे किंगफिशर! ग्रीकमध्ये या पक्ष्याला अल्क्यॉन म्हणत. पुढे लोकांनी त्याचा संबंध ‘हाल्स’ म्हणजे समुद्र या शब्दाशी जोडला आणि सुरुवातीला ‘ह’ चिकटला. कथा अशी, की नवरा समुद्रात बुडाल्यावर अल्क्योनीने दुःखाने जीव दिला, देवांनी दोघांना पक्षी केलं. हिवाळ्यात ती अंडी उबवते तेव्हा तिचा बाप, वाऱ्यांचा राजा इओलस, 14 दिवस वारे रोखून धरतो. तेच ते शांत दिवस.

मुलांना हरिपूरच्या संगमावर नेलं. वारणेच्या बाजूला वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. तपकिरी डोकं, पांढराशुभ्र गळा, लालभडक चोच. चोचीतला खेकडा फांदीवर आपटत होता. त्याच्या शास्त्रीय नावातही हॅल्सिअन आहे, हे ऐकून पोरं हरखली. लगेच प्रश्न आला, “बाई, मग खंड्या म्हणजे काय?”

पोपटावरून पोपटी, मोरावरून मोरपंखी हे सांगता आलं. खंड्यापाशी अडले. धीवर हे दुसरं नाव माहीत आहे, पण खंड्याची व्युत्पत्ती कुणी सांगाल का? आणि कृष्णाकाठी, मिरज-वाळव्याकडे किंवा कराड-वाईकडे, जुनी माणसं त्याला आणखी काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारून सांगा. रविवारी मुलांना उत्तर द्यायचंय.