गावातल्या पबची बिअर कोमट नसते रे बाबांनो

पेलाभर_पुणेकर (रेडिंग)
परवा इथेच एकाने लिहिलं की "इंग्लंडात खेड्यातल्या पबमध्ये जाणं म्हणजे पैसे मोजून शिक्षा भोगणं, कोमट मचूळ बिअर, उकडलेली गाजरं, आणि टेबलापाशी कुणी विचारायलाही येत नाही." खाली टाळ्यांचा पाऊस. मला राहवलं नाही, म्हणून जरा लांबच लिहितोय.

ती बिअर कोमट नसते. तळघरातून येते, ११ ते १३ डिग्री. माठातलं पाणी आणि फ्रिजमधलं पाणी यातला फरक कळणाऱ्या माणसाला हे समजावायला लागू नये. पिंपातली एल (इथली पारंपरिक बिअर) जिवंत असते, पिंपात भरल्यावरही यीस्टचं काम चालूच राहतं, वरून गॅस मारत नाहीत, बारवरची ती लांब दांडी ओढली की हाताच्या जोरावर वर येते, म्हणून फसफस कमी. लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची पिवळी बिअर, बर्फागत गार पितात ती चव लपवायला. (माझं मत. मारा मला.)

आणि टेबलापाशी कुणी येत नाही कारण यायचंच नसतं! बारवर जायचं, टेबल नंबर सांगायचा, पैसे द्यायचे, आपला ग्लास आपण घेऊन यायचा. दुपारी तीनला जेवायला गेलास तर उपाशीच राहणार, बऱ्याच ठिकाणी किचन दोन-अडीचला बंद.

गेल्या नोव्हेंबरात डर्बीशायरमध्ये भर पावसात सात मैल चालून एका पबात शिरलो. शेकोटीसमोर ओला कुत्रा पसरलेला, त्याच्या पाठीतून वाफा निघतायत. मालकीणबाईंनी माझे चिखलाचे बूट बघितले, काही न बोलता फरशीवर जुना पेपर टाकला. मग स्टेक अँड एल पाय (एलमध्ये शिजवलेल्या बीफचा पाय) आणि एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा जास्त, बिटर (कडवट एल). याला शिक्षा म्हणत असाल तर मला जन्मठेप द्या.

नाशिकचा_नंदू (लेस्टर)
ते लिहिणारा मीच. माठाचं कौतुक छान, पण मला मिळालेली एल आंबटढाण होती, व्हिनेगर! परत न्यायला गेलो तर बारवाला म्हणे "अशीच असते". आता हा सात मैल चालून आलेला, भुकेला, थंडीने काकडलेला माणूस, त्याला वरणभातही पंचपक्वान्न वाटलं असतं. यात पबचं काय कौतुक?

तळघरवाला (शेफिल्ड)
शिकत असताना दोन वर्षं एका पबात पिंपं उचललीत, म्हणून बोलतो. अर्धं अर्धं दोघांचंही बरोबर. छोटं पिंप म्हणजे फर्किन, ९ गॅलन, ७२ पिंट. एकदा उघडून हवा लागली की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर ताडीचं दुसऱ्या दिवशी जे होतं तेच. त्यामुळे मंगळवारी आठ गिऱ्हाइकं येणाऱ्या गावात बारवर सहा दांड्या, म्हणजे सहा पिंपं उघडी, दिसल्या की उलट पावली फिरायचं. दोन दांड्यांचा पब बरा. नंदू, तुला व्हिनेगर मिळालं असेल तर बदलून द्यायलाच हवं होतं, "अशीच असते" म्हणणारा आळशी. घेण्याआधी घोटभर चव मागायची, कुणी नाही म्हणत नाही.

नितळ दिसावी म्हणून पिंपात आयसिंग्लास टाकतात ते माहीत असेलच, माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून करतात, त्याने यीस्ट खाली बसतं.

अस्मिता_के (मिल्टन कीन्स)
थांबा. मासा?? माझा नवरा अकरा वर्षं दर शुक्रवारी पितोय, घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही!!

पेलाभर_पुणेकर
अहो ते गाळासोबत तळाशी बसतं, ग्लासात जवळजवळ येतच नाही.

अस्मिता_के
"जवळजवळ"? रश्श्यातून मटणाचे तुकडे काढले की रस्सा शाकाहारी का? आणि लिहीत का नाहीत कुठे?

तळघरवाला
कारण लिहिणं बंधनकारक नाही. मासा ॲलर्जीच्या यादीत आहे, पण बिअर-वाइन नितळ करायला वापरलेल्या आयसिंग्लासला सूट आहे. आता बरेच ब्रुअर न घालता विकतात, थोडी गढूळ दिसते एवढंच. गिनेसनेही (ती आयरिश काळी बिअर) सोडलं. बारवर विचारा.

पालघरची_पोर (हाउन्सलो)
आमच्याकडे घोळ माशाचा तोच फुगा वाळवून परदेशी जातो, सोन्याच्या भावात. तुम्ही तो फुकट पिताय, वर तक्रार!

भटजी_नव्हे (बर्मिंगहॅम)
एलचं सोडा, उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत, तळतात. "मी फक्त चिप्स घेतो" म्हणणारे आमचे शाकाहारी वीर आठवले. म्हणून मी इथल्या स्मेथिकच्या देसी पबांतच (आपल्या लोकांनी चालवलेले) जातो, पिंटबरोबर मिक्स ग्रिल (भाजलेल्या मांसाचं ताट), कसलं सोंग नाही.

नाशिकचा_नंदू
बघा! मी चवीबद्दल बोललो तर माझ्यावर तुटून पडलात, आता सगळ्यांचा धर्म बुडाला.

पेलाभर_पुणेकर
तुझा मुद्दा चव नव्हता, हेटाळणी होती. शाकाहाऱ्यांसाठी प्लाउमन्स लंच आहे की: ब्रेड, चीजचा ठोकळा, लोणच्याचा कांदा. आपल्या भाकरी-कांद्याचा विलायती भाऊ, शेतकऱ्यांचं जुनं जेवण.

तळघरवाला
जुनं कसलं. ब्रेड-चीज जुनं, पण ते नाव गाजवलं मिल्क मार्केटिंग बोर्डाने १९६०च्या दशकात, चीज खपावं म्हणून.

पेलाभर_पुणेकर
कुठे काय बोलावं याचं भान ठेव रे. माझ्या बाजूने आहेस ना?

राउंड_कुणाचा (स्लाउ)
कोमट न् मासा बाजूला ठेवा. आपल्या लोकांची खरी अडचण राउंड, म्हणजे आळीपाळीने एकेकाने सगळ्यांचे ग्लास विकत आणायचे. पाच जण जातात, चौघे एकेक राउंड घेतात, आणि पाचवा, नाव घेत नाही, तीन वर्षं ओळखतो त्याला, चौथा ग्लास संपला की नेमका त्याला बायकोचा फोन येतो. गोऱ्यांमध्ये असं केलं तर पुढच्या वेळी कुणी हाकही मारत नाही.

नाशिकचा_नंदू
मला उद्देशून असेल तर स्पष्ट लिही.

राउंड_कुणाचा
नाव घेतलं का मी? अंगाला का लावून घेतोस?

नाशिकचा_नंदू
बरं बरं. तळघरवाले, दोन दांड्यांचा एखादा पब सांगा, एकदा येऊन बघतो, पहिला राउंड माझा, साक्षीला सगळे आहात. पण रोस्टबरोबरच्या गाजरांबद्दल शब्द मागे घेणार नाही, ती गुन्हाच आहेत.

पेलाभर_पुणेकर
गाजरं मान्य.

अस्मिता_के
नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. आज संकष्टी. चंद्रोदय झाला, जेवण झालं, की सांगते.