‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न

कारखान्यातल्या सुपरवायझर आणि लाइनवरच्या कामगारांसाठी एका प्रशिक्षण पुस्तिकेचं मराठीकरण करते आहे. त्यात एक अख्खं प्रकरण ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’वर आहे. ‘मानसिक सुरक्षितता’ असं लिहून तिघांना वाचायला दिलं. एकाने विचारलं, “म्हणजे टेन्शन घ्यायचं नाही, असंच ना?” दुसऱ्याला ते समुपदेशनाबद्दल वाटलं. चूक त्यांची नाही. कारखान्यात सुरक्षा म्हणजे हेल्मेट, बूट, गॉगल आणि 4 मार्चचा सुरक्षा दिन. ‘मानसिक’ म्हटलं की ताण किंवा आजार. अभय, निर्भयता, मोकळीक हे शब्द डोक्यात आहेत. यातला कोणता चालेल?

प्रतिसाद

आधी मूळ कल्पना पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चमूंच्या हातून चुका कमी होत असतील, हा त्यांचा अंदाज. आकडे मात्र उलटेच आले. मग उलगडा झाला, की चांगल्या चमूंत चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. पुढे 1999 मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या 51 चमूंचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला आणि ही संज्ञा सगळीकडे पोचली. त्यांच्या लेखी ही चमूची अवस्था आहे, एकट्यादुकट्याच्या मनाची नाही. ‘इथे बोलण्याची जोखीम घेता येते’ असा सगळ्यांचा मिळून झालेला समज, एवढाच तिचा अर्थ.

ही जोखीम कसली? याला आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहे: वाईटपणा घेणे. “दिसतंय मलाही, पण वाईटपणा कोण घेणार?” हे वाक्य ऐकलं नाही असं कामाचं ठिकाण मला तरी माहीत नाही. नोकरी जाईल ही भीती त्यात क्वचितच असते. साहेबांच्या मनातून उतरू, अडाणी दिसू, सोबतचे म्हणतील हा फार शहाणा, अशी ती धास्ती असते. तुमच्या वाचकांना इथूनच धरा.

आता तुमचे शब्द. ‘अभय’ देणारा वर असतो आणि घेणारा खाली. शिवाय मुद्रांक शुल्काच्या आणि पाणीपट्टीच्या अभय योजनांमुळे तो शब्द आता दंडमाफीचा झाला आहे. चूक सांगितली तर माफी मिळेल, असा अर्थ निघेल. इथे माफीचा प्रश्नच नाही, चूक वेळेवर कळणं महत्त्वाचं.

‘निर्भयता’ आणि ‘निर्भीड’ मी कळकळीने टाळायला सांगेन. निर्भीड म्हणजे ज्याला भीड नाही तो. भीड आणि भीती वेगळ्या. भीती वाघाची वाटते, भीड माणसाची पडते: मानाची, वयाची, उपकारांची. निर्भीड माणूस कुठेही बोलतोच, त्याला चमू सुरक्षित असण्याची गरज नाही. कसोटी लागते ती भिडस्ताची. नवी आलेली मुलगी, कंत्राटी कामगार, मराठी तोडकंमोडकं बोलणारा हेल्पर यांना “साहेब, हे माप चुकलंय” म्हणता येतं का? जिथे खरं बोलायला धैर्य लागतं, तिथे ही गोष्ट अजून आलेलीच नाही. म्हणून या प्रकरणाला शौर्याचा शब्द देऊ नका.

उरते ‘मोकळीक’. हिच्यात ढिलाईची छटा येते, पण ‘बोलण्याची मोकळीक’ म्हटलं की ती जाते. माझं मत तिला.

प्रतिसाद

वरच्या विवेचनाशी सहमत. प्लँटमधला एक अनुभव जोडतो, कारण ‘मुभा’ हा शब्द अजून कुणी सुचवला नाही आणि तो सुचवला जाईल.

टोयोटाच्या पद्धतीत लाइनला अँडॉनची दोरी असते. काही बिघडलेलं दिसलं तर कामगाराने ती ओढायची, प्रमुख मदतीला येतो आणि अडचण वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. मी होतो त्या कारखान्यातही अशी दोरी लावली होती. मुभा सगळ्यांना होती, बोर्डावर तसं लिहिलंही होतं. पण दोरी ओढली की सुपरवायझरचा पहिला प्रश्न यायचा, “कुणी ओढली?” महिन्याभरात दोरीला हात लावणं बंद झालं. पुढे दुसरे सुपरवायझर आले. ते विचारायचे, “काय दिसलं?” दोरी तीच, बोर्ड तोच, पण माणसं हळूहळू ओढू लागली. तेव्हा मुभा कागदावर देता येते, मोकळीक वागण्यातूनच कळते. आणि ती कळायला वेळ लागतो, हे पुस्तिकेत जरूर लिहा.

आणखी एक शब्द सुचवतो: डूख. लोक साहेबाबद्दल सांगताना “ओरडतो, पण डूख धरत नाही” असं म्हणतात. आमच्याकडे ही मोठी पावती समजली जायची.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शीर्षक ‘बोलण्याची मोकळीक’ ठेवते आहे. इंग्रजी संज्ञा देवनागरीत एकदाच येईल, प्रशिक्षकांना ओळखता यावी म्हणून. खाली व्याख्या अशी लिहिली आहे: ‘इथे चूक सांगितली, शंका विचारली किंवा “मला समजलं नाही” म्हटलं, तर वाईटपणा येत नाही आणि कुणी डूख धरत नाही, याची चमूतल्या सगळ्यांना असलेली खात्री.’

‘चमू’ मात्र खटकतो आहे. लाइनवर सगळे ‘टीम’च म्हणतात. तोच ठेवू ना?