मार्करमेरमधील स्टर्लिंग विमान आणि त्यातील सातजण

आम्स्तेलकर

दुसऱ्या महायुद्धात बर्लिनच्या मोहिमेवरून परत न आलेल्या बीके ७१६ या स्टर्लिंग बाँबफेकी विमानातील सातजणांचे स्मारक नेदरलँड्समधील आल्मेरे शहरात आहे. त्या विमानाचे अवशेष २०२० मध्ये जवळच्या मार्करमेर सरोवराच्या तळातून वर काढण्यात आले. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी यावर एक टिपण लिहीत असून दोन ठिकाणी अडलो आहे. पहिले असे की, गाळात सापडलेले तुकडे याच विमानाचे आहेत हे कसे ठरले? दुसरे असे की, या सातजणांची नावे इंग्लंडमधील स्मारकावर कित्येक दशकांपूर्वीच कोरलेली असताना डच सरकारने ७७ वर्षांनी एवढा खर्च कशासाठी केला? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_पाने

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, कारण हे अवशेष सुरुवातीला वेगळ्याच विमानाचे मानले गेले होते. २००८ मध्ये एका बचाव नौकेचा नांगर तळाशी कशात तरी अडकला आणि त्याच्यासोबत विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचा भाग वर आला. तेव्हा हे बीके ७१० हे दुसरे स्टर्लिंग असावे असे ठरवले गेले. पुढे अवशेषांत सिगारेटची एक डबी मिळाली आणि तिच्यावर कोरलेली आद्याक्षरे बीके ७१६ वर बाँबफेकीचे काम करणाऱ्याच्या नावाशी जुळली. आपल्या टिपणात ही डबी जरूर यावी. एका क्रमांकाचा घोळ कायम राहिला असता, तर सात घरांना चुकीची बातमी गेली असती आणि दुसऱ्या सात घरांना बातमीच मिळाली नसती.

हे विमान ब्रिटिश हवाई दलाच्या २१८ व्या स्क्वाड्रनचे होते. त्याने २९ मार्च १९४३ च्या रात्री डाउनहॅम मार्केट येथून उड्डाण केले. त्या रात्री बर्लिनवर गेलेल्या ३२९ विमानांपैकी २१ परतली नाहीत. बीके ७१६ परतीच्या वाटेवर असताना जर्मन रात्रपाळीच्या लढाऊ विमानाने ते पाडले. स्टर्लिंग हे त्या हवाई दलाचे पहिले चार इंजिनांचे बाँबफेकी विमान होते, मात्र पंखांचा विस्तार शंभर फुटांच्या आत ठेवलेला असल्यामुळे भरल्या वजनानिशी ते लँकास्टर या दुसऱ्या बाँबफेकी विमानाइतके उंच जाऊ शकत नसे, आणि विमानभेदी तोफांच्या माऱ्यात आधी तेच सापडे. १९४३ च्या अखेरीस जर्मनीवरील मोहिमांतून ते काढून घेण्यात आले, ते उगाच नव्हे.

खडकीकर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. आपण म्हणता ते स्मारक टेम्सकाठच्या रनिमीड येथील टेकडीवर असून राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते ते १७ ऑक्टोबर १९५३ रोजी खुले झाले. ब्रिटन आणि पश्चिम व उत्तर युरोपातील तळांवरून उडालेल्या आणि ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे तिथे आहेत. म्हणजे त्या भिंतीवर नाव असणे याचा अर्थच मुळी 'देह मिळाला नाही' असा होतो. युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाच्या शोधपथकांनी युरोपभर फिरून अनेकांचा ठाव लावला, परंतु पाण्यात बुडालेल्यांपुढे त्यांचाही इलाज नव्हता.

ज्या अवशेषांत मृतदेह असण्याची दाट शक्यता आहे, अशी ३० ते ५० विमाने वर काढण्यासाठी नेदरलँड्सने २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला. बीके ७१६ त्यातलेच. नुसते विमान उचलायचे असते तर काम लवकर उरकले असते. इथे तळाचा गाळ उपसला गेला आणि हाडाचा बारीकसा तुकडाही सुटू नये म्हणून तो चाळून पाहिला गेला. खर्च जो झाला तो या चाळणीपायी झाला, आणि माझ्या मते तो योग्यच होता.

तटस्थ

माहिती उत्तम आहे. तरीही एक गोष्ट नोंदवाविशी वाटते. हे सातजण बर्लिनवर बाँब टाकायला गेले होते आणि त्या शहरात सामान्य माणसेही राहत होती. टिपणात केवळ गौरव असू नये.

खडकीकर

तटस्थ यांचा मुद्दा मान्य आहे, आणि स्मारके उभारणाऱ्यांनाही तो टाळता आलेला नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली झालेल्या बाँबर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबफेकी विभागाच्या स्मारकावर, १९३९ ते १९४५ या काळातील बाँबहल्ल्यांत प्राण गमावलेल्या सर्व देशांतील लोकांचाही उल्लेख आहे. मात्र मोहिमा आखणारे आणि विमानात बसणारे यांना एकाच मापाने तोलू नये. बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानकर्मींपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. हे सगळे विमानकर्मी स्वेच्छेने या कामावर आलेले होते, हे खरे. पण बर्लिन की आणखी कुठे, हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते.

आम्स्तेलकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सातही जण ब्रिटिशच होते का, तेवढे कळावे.

जुनी_पाने

नाही. पाच ब्रिटिश आणि दोन कॅनडाचे होते. 'ब्रिटिश वैमानिक' असे सरसकट लिहू नका, कारण त्यांत विमान चालवणारा एकच असे. बाकीच्यांकडे दिशादर्शन, बिनतारी संदेश, इंजिने, बाँबफेक आणि बंदुका अशी कामे वाटलेली असत. आणखी एक, विमान मार्करमेरमध्ये 'कोसळले' असेही लिहू नका. १९४३ मध्ये ते सगळे एकच विस्तीर्ण आयसेलमेर सरोवर होते. मार्करमेर वेगळे करणारा बांध १९७६ मध्ये पुरा झाला, आणि आज जिथे आल्मेरे वसले आहे तिथेही तेव्हा पाणीच होते.