मंडळीची शताब्दी: आधी स्मरणिका की आधी नोंदवह्या?

सांजवात: मंडळीला, म्हणजे एखाद्या चर्चच्या ख्रिस्ती सभासद-समूहाला, शंभर वर्षं होत आली की पहिली समिती नेमली जाते ती स्मरणिकेची. पाळकांचे फोटो, शुभेच्छा, जाहिराती. माझ्या मते पहिला खर्च बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्यांवर व्हावा. जुन्या लोहयुक्त शाईतलं आम्ल कागद खातं. दमट कपाटात तर अक्षरांच्या जागी भोकं पडतात. त्यात कुणी प्रेमापोटी चिकटपट्टी लावतं, पान लॅमिनेट करतं, आणि ते नंतर धड सोडवता येत नाही. आधी पानांचे नीट फोटो काढा, मूळ वह्या आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. स्मरणिका वर्षभर उशिरा निघाली तर बिघडलं कुठे?

बाकावरचा: बिघडतं. समारंभ असला की पांगलेले सभासद येतात, येताना ट्रंकेतले संडे स्कूलचे फोटो आणि गायनाच्या वह्या आणतात. त्या फोटोंतली माणसं ओळखणाऱ्या नव्वदीतल्या आजींना आणखी वर्षभर थांबा म्हणायचं? बाप्तिस्म्याची तारीख वहीत मिळेल, पण पोरांना गाणं कोण शिकवायचं हे त्या आजीच सांगणार.

कागदवेडा: आणि समारंभ झाल्यावर? पाळकांची बदली होते, सचिव बदलतो, कपाटाची किल्ली कुणाकडे ते कळत नाही. मूळ वह्या सरळ जुने दस्तऐवज जपणाऱ्या मध्यवर्ती अभिलेखागाराकडे द्या.

उत्तरा: मुळीच देऊ नका! 1922 साली डब्लिनमधलं सरकारी अभिलेखागार जळालं, तेव्हा सुरक्षित राहाव्यात म्हणून तिथे जमा केलेल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या शेकडो मंडळ्यांच्या नोंदवह्या गेल्या. गावातच राहिलेल्या वाचल्या. किल्लीचं म्हणाल तर 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला) नोंदवही ठेवायला लावली, तेव्हाच पेटीला दोन कुलुपं सांगितली होती: एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. आजही हे जमण्यासारखं आहे.

कागदवेडा: आगीत गावातलं चर्चही जळू शकतं, उत्तराताई. डब्लिनला काही मंडळ्यांनी वह्या पाठवण्याआधी नकला करून ठेवल्या होत्या, त्यांच्या नोंदी उरल्या. मूळ वही कुठेही असो, प्रत दुसऱ्या इमारतीत हवी.

सांजवात: प्रतीचं पटलं, आणि आजींकडून नावं लिहून घेणं उद्याच सुरू करावं. पण सभावृत्तांबद्दल, म्हणजे मंडळीच्या सभांच्या लेखी नोंदींबद्दल, कुणीच बोलत नाही. मंडळी का फुटली, बायकांना मताचा हक्क कधी मिळाला, दुष्काळात कुणाला धान्य दिलं, हे सगळं तिथेच असतं. मला तर तोच खरा इतिहास वाटतो. स्मरणिकेत त्यातलं काही येत नाही.

बाकावरचा: येऊही नये. शिस्तभंगाच्या ठरावांत ज्यांची नावं आहेत त्यांची नातवंडं आज त्याच बाकांवर बसतात. कुणाच्या आजोबांना प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीपासून) का दूर ठेवलं, हे छापून कुणाचं भलं होणार?

सांजवात: छापा असं मी म्हणतच नाही. ती पानं ठरावीक वर्षं बंद ठेवा, अभिलेखागारांत तशी पद्धत आहेच. माझी भीती वेगळी आहे: नको ती पानं म्हणून कुणीतरी सफाईच्या दिवशी अख्खी वहीच रद्दीत घालतं. बंद पाकिटावर उघडण्याचं साल लिहा आणि तसा पंच कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, ठराव करून घ्या. एवढ्याला तुमची हरकत आहे का?

बाकावरचा: पाकिटाला नाही. साल मात्र त्या घरांना विचारून ठरवा.