14 गेज कॉलर मशीन: टिपिंगला फीडर बदलताना डाव्या कडेला लूप येतो, आणि कधीकधी फीडर जागेवरच राहतो

कॉलरपट्टी

नमस्कार मंडळी. दोन सिस्टीमचं (एका धावेत दोन ओळी विणणारं) 14 गेज कॉम्प्युटर फ्लॅट विणकाम मशीन आहे, काम शाळेच्या टी-शर्टच्या कॉलरचं. 2/30 (दुपदरी) सुती धागा, 1 बाय 1 रिब (एक सुलट, एक उलट), 260 सुया. निळा मेन धागा दोन कोनवर, फीडर (सुयांना धागा पुरवणारा सरकता भाग) 3 आणि 5. टिपिंगचा (कॉलरवरच्या वेगळ्या रंगाच्या पट्टीचा) पांढरा फीडर 7 वर. एकामागोमाग विणलेल्या कॉलर सोडवायचा, ओढून काढायचा नायलॉन फीडर 1 वर. चारही फीडर डावीकडे उभे राहतात.

अडचणी अशा: पांढरी पट्टी सुरू होते तिथे डाव्या कडेला 4-5 मिमीचा लूप राहतो, उजवी कड मात्र स्वच्छ. निळ्या भागात डाव्या कडेला अधूनमधून पांढरे ठिपके येतात. आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे 7 नंबर कधीकधी उचललाच जात नाही. कॅरिज (सुयांवरून धावून त्यांना चालवणारा गाडा) रिकामी जाते आणि अख्खी कॉलर सुयांवरून गळते. त्याची पिन उचलणारा मॅग्नेट नवा टाकला, फरक शून्य.

वेग 1.0 मीटर प्रति सेकंद. थांबण्याचं अंतर (कापडाच्या कडेपासून किती बाहेर उभं राहायचं) चारही फीडरना 8 सुया दिलंय. 7 गेजच्या स्वेटर मशीनवर हाच आकडा वर्षानुवर्षं चालतो.

शिवाय गिऱ्हाइकाला आता दुहेरी पट्टीऐवजी एकेका ओळीच्या दोन पांढऱ्या रेघा हव्या आहेत. रिकामी धाव (काही न विणता कॅरिज नुसती नेणं) न घालता जमेल का?

फ्लॅटबेड_फिटर

आधी त्या 8 सुयांचं बघा. 14 गेज म्हणजे इंचाला 14 सुया, एक सुई 1.8 मिमी. 8 सुया झाल्या साधारण 14.5 मिमी. 7 गेजवर त्याच 8 सुया 29 मिमी होतात. सेटिंग सुयांत असलं तरी फीडरचं टोक, त्याची जाडी, त्याची घसरण हे सगळं मिलिमीटरमध्येच घडतं. त्यामुळे गेज बदललं की हा आकडा तसाच उचलून चालत नाही.

पांढरे ठिपके यातूनच येतात. 7 कडेच्या फार जवळ उभा आहे. त्याच्या टोकापासून कापडाच्या कडेपर्यंत जाणारा पांढरा धागा शेवटच्या दोन-तीन सुयांच्या वर आडवा येतो, आणि निळी ओळ विणताना एखादी सुई तो हुकात घेऊन जाते. 7 ला 12 ते 14 सुया अंतर द्या, म्हणजे 22 ते 25 मिमी. 3 ला 10, 5 ला 16, आणि नायलॉनचा 1 क्वचित लागतो म्हणून सगळ्यात बाहेर, 20 च्या पुढे. चारही एकाच जागी उभे करू नका. फीडर ज्यांवर सरकतात त्या रेल वेगळ्या असल्या तरी टोकं मध्यावर एकाच फटीत येतात. एखादं टोक जरा वाकलेलं असलं तर येणारा फीडर उभ्या असलेल्याला ढकलतो.

अंतर वाढवलं की लूप वाढेल, ही भीती खरी आहे. फीडर कडेपासून 25 मिमी बाहेर असेल तर तेवढा धागा कड आणि टोक यांच्यामध्ये ताणलेला असतो. फीडर परत आत निघाला की तो सगळा ढिला पडतो. तो ढिलेपणा साइड टेन्शनच्या (मशीनच्या बाजूला धागा ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या) तारेने वर ओढून घ्यायचा असतो. तिने नाही घेतला तर पहिल्याच सुईवर साचतो, तोच तुमचा लूप. मशीन बंद असताना तपासा: 7 ज्या जागी थांबतो तिथून हाताने हळूहळू पहिल्या सुईपर्यंत आणा आणि नजर तारेवर ठेवा. तार सबंध अंतरभर वर चढत राहिली पाहिजे आणि धागा कुठेही लोंबता कामा नये. फीडर उभा असतानाच तार वरच्या टोकाला टेकलेली असेल तर तिच्याकडे ओढायला काहीच उरलेलं नाही. अशा वेळी धागा दाबून धरणाऱ्या वरच्या चकत्यांचा दाब थोडा वाढवा, म्हणजे उभ्या स्थितीत तार खाली राहील. तार खाली आहे पण चढताना अडखळते, तर तिची स्प्रिंग कडक करा आणि धाग्याच्या वाटेतले सिरॅमिकचे डोळे बघा. मेण लावलेल्या सुतावर तिथे मळ साचतो.

उजवी कड स्वच्छ आहे याचं कारणही हेच. तिथे 7 थांबून राहत नाही, लगेच परततो. डावीकडे मात्र तो पूर्ण कॉलरभर उभा असतो आणि खालचा रोलर कापडाबरोबर त्याचा धागाही खाली ओढत राहतो. नवी पट्टी सुरू होते तेव्हा पांढऱ्याचं टोक आठ-नऊ सेंटिमीटर खाली, मागच्या कॉलरच्या पट्टीत अडकलेलं असतं. कडेच्या टाक्याला जवळ धरून ठेवणारं काही नसतं. नंतर तो धागा कापला की टाका आणखी सैल होतो. म्हणून टेन्शन सुधारल्यावरही पांढऱ्याच्या पहिल्या ओळीला कडेच्या चार-पाच सुयांत एकाआड एक सुईवर टक घ्या (जुना टाका न सोडता नवा धागा हुकात धरणं). कॉलरची बाजू शर्टावर अगदी पुढे, गळ्याशी दिसते. ही मेहनत तिथे वाया जात नाही.

सूतगुंता

7 मागे राहण्याबद्दल. मॅग्नेट बदलण्याआधी एक गोष्ट बघायला हवी, आणि ती फक्त मशीन अडलेलं असतानाच दिसते: फीडर नेमका कुठे उभा आहे. कॉलर गळली की ऑपरेटर पहिल्यांदा फीडर हाताने सरकवून धागा नीट करतो आणि पुरावा तिथेच पुसला जातो. त्याला सांगून ठेवा, आधी कडेपासून सुया मोजायच्या, मग हात लावायचा.

का, ते सांगतो. या प्रकारच्या मशीनवर फीडरला स्वतःची मोटर नाही. कॅरिजवरची पिन खाली पडते, फीडरच्या खाचेत बसते आणि त्याला ओढत नेते. कड आली की मॅग्नेट पिन उचलतो आणि फीडर सुटतो. पुढे तो केवळ रेलवरच्या घर्षणाने थांबतो. तो खरंच कुठे थांबला हे कंट्रोलरला कळत नाही. शेवटचा आकडा स्मरणात धरून तो पुढची पिन त्या हिशेबाने टाकतो आणि कॅरिज कुठे वळवायची तेही त्याच हिशेबाने ठरवतो. फीडर त्या जागेपेक्षा बाहेर गेलेला असेल तर पिन पडेपर्यंत खाच मागे गेलेली असते, नाहीतर कॅरिज त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच वळते. दोन्हीकडे परिणाम एकच, रिकामी ओळ. सुया जुना टाका सोडतात आणि नवा मिळत नाही, म्हणून सगळंच गळतं. वरचा धागा-तुटीचा सेन्सरही ओरडत नाही, कारण धागा तुटलेलाच नसतो. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं.

7 ठरलेल्या जागेपेक्षा तीन-चार सुयांहून जास्त बाहेर सापडला तर दोष जागेचा. कारणं बहुधा तीन. एक, रेलला तेल जास्त झालंय आणि फीडर घसरतो. दोन, शेजारचा फीडर थांबताना ढकलतो, हे फिटरसाहेबांनी सांगितलंच आहे. तीन, वीज गेल्यावर किंवा धागा ओवताना फीडर हाताने हलवला आणि पुन्हा मूळ जागी आणला नाही. तिसऱ्यासाठी रेलवर प्रत्येक फीडरच्या जागेला रंगाची खूण करून ठेवा. नव्या ऑपरेटरलाही मग विचारावं लागत नाही.

7 बरोबर जागेवर असूनही उचलला गेला नसेल, तरच पिनकडे वळा. फीडर 7 दुसऱ्या सिस्टीमला देऊन चालवा. तिथे नीट उचलला गेला तर पहिल्या सिस्टीमच्या त्या पिनमध्ये दोष. दोन्हीकडे चुकत असेल तर फीडरची खाच झिजलेली आहे. पिन काढून तिचं तिरपं टोक नखाने चाचपा. धार गोल झाली असेल तर ती कमी वेगात बसते आणि जास्त वेगात खाचेवरून उडी मारते. पिनच्या भोकात तेल आणि सुताचा कचरा मिळून काळा चिकट थर होतो, तोही पिन उशिरा पाडतो. भोक धुऊन कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. ग्रीस अजिबात नको.

कॉलरपट्टी

धन्यवाद. आज मोजलं. 1.0 वर 7 थांबतो 15 व्या सुईवर, 0.5 वर 9 व्या. सेटिंग 8 च आहे अजून. 3 आणि 5 दोन्ही वेगांना 9 ते 10 वर थांबतात.

फ्लॅटबेड_फिटर

मग मॅग्नेटचा काही संबंध नाही. वेग दुप्पट झाला की सुटलेल्या फीडरची घसरण वाढते. इथे ती सहा सुया, म्हणजे जवळपास 11 मिमी वाढली आहे, आणि तीही फक्त 7 ची. 7 च्या रेलवर तेल आहे, नाहीतर त्याच्या आतला घर्षणाचा ब्रश किंवा स्प्रिंग झिजली आहे. रेल कोरड्या सुती फडक्याने दोन्ही टोकांपर्यंत पुसा. मग बोटाने 7 सरकवून बघा आणि लगेच 3 सरकवून बघा, फरक बोटाला कळतो. तरीही 7 सैल वाटला तर ब्रश बदला. दोन वेगांतला फरक दोन सुयांच्या आत आला की मगच अंतर 12 करा, आणि तेही चालत्या वेगावर तपासूनच. हळू वेगात लावलेलं अंतर उत्पादनाच्या वेगात टिकत नाही.

दुसरं टोक लक्षात ठेवा: रेल अगदी कोरडी, कचऱ्याने भरलेली असेल तर फीडर अलीकडेच थांबतो आणि ठिपके परत येतात. टिपिंगच्या ओळींपुरता वेग 0.7 करून टाका. मोजक्या ओळी असतात, शिफ्टच्या मालावर फरक जाणवत नाही.

जॅकार्डप्रेमी

एकेरी रेघांचं उत्तर. दोन सिस्टीम आहेत म्हणून रिकामी धाव लागत नाही. एक सिस्टीम असती तर दर रेघेमागे एक लागली असती, कारण मेन आणि टिपिंग नेहमी विरुद्ध टोकांना अडकतात.

सगळे डावीकडे उभे असताना कॅरिज उजवीकडे निघते. पुढच्या सिस्टीमला 7, मागच्या सिस्टीमला 3. एकाच धावेत पांढरी ओळ आणि तिच्यावर निळी ओळ. आता 7 आणि 3 उजवीकडे आहेत, 5 डावीकडेच विश्रांतीला. टिपिंग संपेपर्यंत 5 ला हात लावू नका, मधल्या निळ्या ओळी एकट्या 3 वर काढा. 7 ला घरी आणायचं म्हणजे दुसरी रेघ डावीकडे जाणाऱ्या धावेतच यायला हवी. दोन रेघांमध्ये निळ्या ओळी सम हव्या असतील तर त्या धावेत 3 पुढे, 7 मागे. विषम हव्या असतील तर 7 पुढे, 3 मागे. दोन्ही प्रकारांत शेवटी सगळे डावीकडे परत येतात आणि 5 पुन्हा कामाला लागतो.

माझा आग्रह सम ओळींचा. उजवीकडे जाताना पुढची सिस्टीम म्हणजे उजव्या हाताची. डावीकडे जाताना मागची सिस्टीम, तीही उजव्या हाताचीच. म्हणजे सम अंतरात दोन्ही पांढऱ्या रेघा एकाच सिस्टीमवर विणल्या जातात आणि टाक्याची लांबी आपोआप सारखी येते. विषम अंतरात दोन वेगळ्या सिस्टीम येतात. त्यांच्या स्टिच कॅममध्ये (टाक्याची लांबी ठरवणाऱ्या भागात) बारीक फरक असला तर निळ्यात तो लपतो, पांढऱ्या रेघेत लगेच डोळ्यांत भरतो. एक रेघ जाड, एक बारीक दिसते.

गिऱ्हाइकाला नमुना दाखवताना कॉलर आवळलेल्या स्थितीत दाखवा. रिबच्या उलट्या घरांत रंग बदलतो तिथे दोन्ही रंग मिसळलेले दिसतात. 1 बाय 1 रिब आवळली की ती घरं आत जातात आणि रेघ सलग दिसते. ताणून धरली तर एकेरी रेघ तुटक वाटते.

हातमशीन_सांगली

हात फ्लॅट मशीनवर हाच लूपचा त्रास आहे. तिथे तर मॅग्नेट, प्रोग्राम काहीच नाही. काय बघायचं?

सूतगुंता

तिथे फीडर सोडण्याचं काम रेलवर स्क्रूने आवळलेला स्टॉपर करतो. त्याच्या उतारावर पिन चढते आणि खाचेतून सुटते. स्टॉपर कडेच्या शेवटच्या सुईपासून 20 ते 25 मिमीवर ठेवा आणि स्क्रू रोज आवळा, धक्क्यांनी तो मिलिमीटर-मिलिमीटर सरकतो. उतार झिजून खड्डा पडला की पिन कधी लवकर सुटते, कधी उशिरा. रंग बदलताना कॅरिज पूर्णपणे स्टॉपरच्या बाहेर नेऊनच पिन उचला. अर्ध्यात उचलली तर फीडर कडेवरच राहतो.

जॅकार्डप्रेमी

@कॉलरपट्टी, नायलॉनचं राहिलं. फीडर 1 दर कॉलरला एकच ओळ विणतो. म्हणजे पहिल्या कॉलरनंतर तो उजवीकडे जाऊन थांबतो, आणि प्रोग्राम एका कॉलरचाच पुन्हा पुन्हा फिरत असेल तर दुसऱ्या कॉलरला त्याला डावीकडे शोधतो. नायलॉनच्या दोन ओळी घेऊन हे सोडवू नका, ओढताना धागा गुंततो. सुया न उचलता फीडर नुसता ओढून आणणंही नको, नायलॉनचा तरंगता धागा पुढच्या कॉलरच्या सुरुवातीच्या ओळींत बंद होतो आणि मग निघत नाही. दोन कॉलर मिळून एक चक्र करा: पहिलीत नायलॉन डावीकडून उजवीकडे, दुसरीत उजवीकडून डावीकडे. उजव्या बाजूचं थांबण्याचं अंतर मेनूत वेगळं असतं, तिथेही 1 ला 20 सुया भरायला विसरू नका.