इंजिन तेच, कपलर वेगळा: क्वालिसला मस्कतहून आणलेला अल्टरनेटर कसा जोडावा?

धायरीकर (प्रश्न)

माझ्याकडे २००४ सालची डिझेल टोयोटा क्वालिस आहे. गाडीचे तीन लाख किलोमीटर केव्हाच पूर्ण झाले असून एवढ्या काळात मूळ अल्टरनेटरने (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राने) दोनदा कार्बन आणि एकदा बेअरिंग, याखेरीज काही मागितले नव्हते. गेल्या महिन्यात साताऱ्याहून रात्री परत येताना खंबाटकीच्या घाटात हेडलाइट हळूहळू पिवळे पडू लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फने नुसती टकटक केली. अल्टरनेटर उघडून पाहिल्यावर स्टेटरचे, म्हणजे आतल्या स्थिर भागाचे, वाइंडिंग काळे पडलेले दिसले.

माझे मेहुणे मस्कतला असतात. त्यांनी तिथल्या एका दुकानातून याच २.४ लिटर डिझेल इंजिनाचा म्हणून अल्टरनेटर आणून दिला. मागे व्हॅक्यूम पंप आहे, पुली जुळते आणि ब्रॅकेटची भोकेही बरोबर बसतात. अडचण एवढीच, की माझ्या गाडीच्या वायरिंगचा तीन पिनांचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) चौकोनी आहे आणि नव्या अल्टरनेटरचे सॉकेट लंबगोल आहे. दोन्हीकडे पिना तीनच आहेत, पण वायरींच्या रंगांवरून काहीच बोध होत नाही, कारण आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी तिन्ही वायरी लाल रंगाच्याच टाकल्या आहेत.

आमच्या भागातील वायरमनचे म्हणणे असे, की तिन्ही पिना एकत्र करून चावीच्या करंटवर टाकल्या की काम होते. मला हे पटत नाही. मात्र का पटत नाही, हे मला त्याला नीट सांगताही येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भोसरीकर

धायरीकर साहेब, तुमची शंका रास्त आहे. तिन्ही पिना एकत्र करून चावीवर टाकल्या, तर नवा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग, ज्याला आपल्याकडे अजून कटआउट म्हणतात, पहिल्याच दिवशी जाण्याची दाट शक्यता आहे. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या गाडीत मी ‘एल’ची पिन थेट चावीच्या करंटला जोडली होती. चावी फिरवली, क्षणभर जळका वास आला आणि संपले.

त्याचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. या तीन पिनांची कामे तीन वेगवेगळी आहेत. ‘एस’ ही पिन बॅटरीचे खरे व्होल्टेज रेग्युलेटरला कळवते, म्हणून तिच्यावर फ्यूजमधून कायम करंट असतो. ‘आयजी’वर चावी फिरवल्यावरच करंट येतो आणि त्याने रेग्युलेटर जागा होतो. ‘एल’ ही डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्याची वायर होय. इंजिन बंद असताना रेग्युलेटर ही पिन आतून अर्थ करतो, त्यामुळे दिवा लागतो. चार्जिंग सुरू झाले की अर्थ सुटतो आणि दिवा विझतो. आता दिवा मध्ये नसताना या पिनेवर थेट बारा व्होल्ट आणून सोडले, तर त्या अर्थ करणाऱ्या नाजूक ट्रान्झिस्टरमधून शॉर्टसर्किट होईल, दुसरे काय होणार? ‘एस’ आणि ‘आयजी’ यांची अदलाबदल झाली तर लगेच काही जळत नाही, पण गाडी उभी असतानाही रेग्युलेटर जागाच राहतो आणि बॅटरी आतल्या आत उतरत राहते. लोक मग बॅटरीला दोष देतात.

तेव्हा कपलरचा आकार आणि वायरीचा रंग हे दोन्ही विसरा. प्रत्येक वायरीचे काम शोधा. त्यासाठी मल्टीमीटरपेक्षा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी अधिक उपयोगी पडतात, कारण कपलर काढून चावी फिरवली तर मीटर ‘आयजी’वरही बारा व्होल्ट दाखवतो आणि दिव्यातून आलेल्या ‘एल’वरही जवळपास तेवढेच दाखवतो. बल्ब मात्र फसत नाही. बल्बची एक वायर बॉडीच्या स्वच्छ नटाला घट्ट लावा आणि दुसरी गाडीच्या कपलरमधील एकेका पिनेला टेकवा. चावी बंद असताना ज्या पिनेवर बल्ब लखलखीत पेटेल ती ‘एस’. चावी फिरवल्यावर ज्या पिनेवर पूर्ण पेटेल ती ‘आयजी’. उरलेल्या पिनेवर तुमचा बल्ब जेमतेम लाल होईल किंवा पेटणारही नाही, पण त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागेल, ती ‘एल’. डॅशबोर्डचा दिवाही लागला नाही, तर आधी तो बल्ब गेला आहे का ते पाहावे. बल्बऐवजी नुसत्या वायरीने पिन अर्थ करून पाहण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘एस’ किंवा ‘आयजी’ हाती लागली तर फ्यूज उडेल.

नव्या अल्टरनेटरच्या सॉकेटशेजारी मागच्या झाकणावर ही अक्षरे बहुधा कोरलेली किंवा छापलेली असतात. कापडाने तेलकट थर पुसून टॉर्चच्या उजेडात पाहा. अक्षरे नसतील तर अंदाजाने जोडू नका, एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे टेस्ट बेंचवर पिना ओळखून घ्या. आणि इथे एक गोष्ट माणसे हमखास चुकतात: सॉकेटकडे तोंड करून पाहिलेला डावा-उजवा क्रम कपलरच्या तोंडाकडून पाहिला की उलटा होतो. कागदावर दोन्ही आकृत्या काढून कोणत्या बाजूने पाहिले हे लिहून ठेवावे.

पेठेतला

भोसरीकरांच्या म्हणण्याला माझी पुस्ती. गाडीचे मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापू नका. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत लंबगोल कपलर वायरीच्या शेपटीसह मिळतो. तिथे नाही मिळाला तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. नवा अल्टरनेटर सोबत घेऊन जा, कारण मोबाइलमधील फोटोवरून आणलेला कपलर खाचेच्या एका मिलिमीटरने दगा देतो. चौकोनी कपलरचा समोरचा भागही मिळाला, तर दोन्हींच्या मध्ये वीतभर लांबीचा जोड तयार करता येतो आणि उद्या पुन्हा मूळ पद्धतीचा अल्टरनेटर बसवायचा झाला तर जोड काढला की झाले. त्यासाठी १ ते १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरे. सांधे नीट दाबून त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी इंजिनाच्या उष्णतेत सैल पडते.

बोल्टवर बसणारी, बॅटरीकडे जाणारी जाड वायर, म्हणजे ‘बी’, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिच्यावर चावी बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण करंट असतो, म्हणून कामाला हात घालण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. नव्या अल्टरनेटरच्या पट्टीवर अँपिअर किती लिहिले आहेत तेही वाचा. जुन्यापेक्षा बरेच जास्त असतील तर जुनी वायर आणि तिचा फ्यूज त्या मानाचे आहेत का, हे तपासणे आवश्यक ठरते. त्याच पट्टीवर १२ व्होल्टच लिहिले आहे ना, हेही एकदा पाहून घ्या. तुम्हाला हसू येईल, पण जपानी बाजारातील काही डिझेल गाड्या २४ व्होल्टच्या आहेत आणि त्यांचे भाग जगभरच्या जुन्या मालात मिसळलेले असतात.

तळजाई

सगळी चर्चा वायरींवर चालली आहे, म्हणून ब्रेकची आठवण करून देतो. या इंजिनाच्या अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी तोच तयार करतो, कारण डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनासारखी पोकळी मिळत नाही. पंपाला इंजिन ऑइलची एक नळी येते आणि दुसरी तेल परत खाली नेते. परदेशी अल्टरनेटरवर या नळ्यांची तोंडे निराळ्या कोनात असू शकतात. तेल परत जाणारी नळी कुठेही दुमडता कामा नये, नाहीतर पंपात तेल साचेल आणि सीलमधून अल्टरनेटरमध्येच उतरेल. तुमचा स्टेटर तेलाने माखलेला होता का, हेही पाहायला हवे. तसे असेल तर मूळ दुखणे निराळेच निघेल.

बसवण्याआधी पंपाच्या तोंडात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुली हाताने फिरवावी आणि तांब्याचे वॉशर नवे घालावेत. गाडी रस्त्यावर काढण्याआधी इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर पंप काम करतो आहे. जागचे हलले नाही तर गाडी गेटबाहेर नेऊ नये.

वडगावची स्विफ्ट

माझ्या पेट्रोल गाडीचाही अल्टरनेटर बदलायचा आहे. हीच बल्बची युक्ती चालेल का?

भोसरीकर

आधी तुमच्या गाडीची वायरिंगची आकृती पाहा. अलीकडच्या अनेक गाड्यांत किती चार्ज करायचे हे इंजिनाचा कॉम्प्युटरच अल्टरनेटरला कळवतो, आणि त्या वायरीवर साधे बारा व्होल्ट नसून संदेश धावत असतात. तिथे बल्ब टेकवू नये. अशा गाडीत पिना जुळवून भागत नाही. त्या कॉम्प्युटरची भाषा समजणाराच रेग्युलेटर लागतो.

धायरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रविवारी काम पूर्ण केले, त्याचा वृत्तान्त देतो.

जुना स्टेटर खरोखरच तेलाने माखला होता. मागचे सील गेले होते आणि तेल परत जाणारी नळी आतून निम्मी बुजली होती, ती बदलली. नव्या अल्टरनेटरवर मळाखाली ‘एस’, ‘आयजी’, ‘एल’ ही अक्षरे स्पष्ट निघाली. बल्बने गाडीच्या बाजूच्या पिना ओळखल्या, तेव्हा लक्षात आले की दोन्ही कपलरांत ‘एस’ आणि ‘एल’ नेमके विरुद्ध टोकांना आहेत. सरळ समोरासमोर जोडले असते तर कायम करंट असलेली वायर ‘एल’वरच गेली असती. वायरमनला बोलावून बल्ब पेटवून दाखवला. तो काही बोलला नाही, पण सांधे दाबायला थांबला.

चावी फिरवल्यावर दिवा लागला. इंजिन बंद असतानाच पुलीच्या नटाला स्क्रूड्रायव्हरचे टोक लावले तर ते हलकेच ओढले गेले, म्हणजे रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) करंट पोहोचत होता. इंजिन सुरू करताच दिवा विझला आणि बॅटरीवर १४.२ व्होल्ट मिळाले. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर मात्र ते १३.६ वर आले. ‘बी’च्या बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत मीटर लावून पाहिले, तर वाटेतच ०.४ व्होल्ट हरवत होते. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, काढून पाहिला. आत हिरवा गंज होता. लग नवा लावल्यावर हा फरक ०.१५ वर आला आणि सर्व दिवे लावूनही १३.९ व्होल्ट टिकू लागले. ब्रेकचे पेडल इंजिन सुरू होताच खाली गेले.

जुना अल्टरनेटर भंगारात दिलेला नाही. स्टेटर रिवाइंड करून मिळत असेल तर तोच पुन्हा तयार करून ठेवण्याचा विचार आहे. पुण्यात हे काम अजून हाताने, नीट करणारे कोणी माहीत असल्यास कळवावे.